माशांचं विरजण

जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला लेकीच्या घरी श्रीपादरावांना कशाचीच ददात नव्हती. नव्हतं ते फक्त काम. भांडी यंत्र घासायचं, कपडे यंत्र वाळवायचं आणि नळाला अष्टौप्रहर पाणी. पुण्यात त्यांची सकाळ कशी भरलेली असायची! कालचं शिळं पाणी झाडांना घालायचं, कळशी लखलखीत घासायची, ताजं पाणी भरून ठेवायचं. सारं आयुष्य ग्रंथालयात काढलेल्या या माणसाला, चुकण्याची धास्ती न बाळगता करता येईल असं घरातलं हे एकच काम होतं.

म्हणूनच शाळेच्या सहलीला निघताना नात ईश्वरी "आजोबा, माझे फिश तुमच्याकडे" म्हणाली, तेव्हा ते सुखावले. ईश्वरीला मराठी सगळं समजे, पण घाईत असली की तिच्या तोंडून जर्मनच येई. "नूर फ्युटर्न, ओके?" दारातून तिनं बजावलं. फक्त खायला घालायचं. "आणि बटाट्याकडे लक्ष ठेवा हं."

बटाटा हा तळाशी राहणारा मिशीवाला, गोलमटोल मासा. दिवसभर वाळूत तोंड खुपसून काही ना काही हुडकत असायचा. वर निळ्या-लाल निऑन माशांचा थवा मिरवायचा. पण ईश्वरीचा जीव बटाट्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपादराव टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले आणि त्यांना पाण्यावर किंचित पिवळसर झाक दिसली.

"संपदा, हे पाणी कधीचं गं?"

"ती दर शनिवारी थोडं बदलते, बाबा," लेक बूट चढवत म्हणाली.

"थोडं? म्हणजे बाकीचं शिळंच की!"

पण संपदाची एस-बान लोकल चुकत होती. ती गेली, जावई त्याआधीच एश्बॉर्नच्या ऑफिसला गेलेला. श्रीपादरावांनी बाह्या सरसावल्या.

त्यांनी मासे अलगद पातेल्यात काढले. सगळं पाणी ओतून दिलं. वाळू चाळणीत धरून धुतली, काचा घासल्या. फिल्टर उघडला तर आतला स्पंज चिखलासारखा तपकिरी. शी! तो त्यांनी कढत पाण्याखाली पिळून पिळून पांढराशुभ्र केला. मग कोमट, ताजं पाणी भरलं, मासे परत सोडले. टाकी अशी झळाळली की त्यांच्या पत्नी वसुधाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, चमत्कारच! देव्हारासुद्धा इतका स्वच्छ ठेवत नाही मी."

श्रीपादराव लाजले. त्या रात्री त्यांना फार छान झोप लागली.

दोन दिवसांनी मात्र निऑन माशांचा थवा विस्कटला. एकेक मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी लटकून तोंडाची उघडझाप करत होता, कल्ले भराभर हलत होते. बटाटा कोपऱ्यात कलंडून पडला होता. वाळूत तोंड नाही, मिशा हलत नाहीत. दाणे टाकले तरी ढिम्म.

"अगं वसुधा, मी काय केलं हे?"

"काय केलंत? चांगलंच तर केलंत."

ज्याला दुसरं काही सुचत नाही तो पुस्तकाकडे जातो. ईश्वरीच्या कपाटात मत्स्यपालनाचं एक जर्मन पुस्तक होतं. तरुणपणी हौसेनं शिकलेली जर्मन त्यांना वाचता येई. बोलायचं मात्र धाडस होत नसे. चष्मा पुसून, शब्दकोश मांडीवर घेऊन ते बसले. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ईश्वरीच्या खणातली चाचणीची कागदी पट्टी पाण्यात बुडवली, तर तिचा पांढरा चौकोन गुलाबी झाला. गुलाबी म्हणजे विष.

"वसुधा, ऐक. माशांच्या मलमूत्रातून पाण्यात विष तयार होतं. ते पचवणारे जंतू असतात, आणि त्यांची वस्ती त्या घाणेरड्या स्पंजात असते. पाण्यात फार नसतातच. ते वाढायला आठवडेच्या आठवडे लागतात."

वसुधाबाईंनी टाकीत डोकावून पाहिलं. "म्हणजे विरजणच की! अहो, तुम्ही दह्याचं भांडं घासलंत ते ठीक, पण विरजणही धुऊन टाकलंत."

"हो गं," श्रीपादराव खालच्या आवाजात म्हणाले. "कढत पाण्यानं."

"मग आता शेजारी जाऊन मागायचं. दुसरं काय करतात?"

शेजारी म्हणजे खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केसलर. त्यांच्याकडे भिंतभर टाकी होती. बटाटाही त्यांच्याकडूनच आलेला. श्रीपादरावांची त्यांच्याशी ओळख जिन्यातल्या 'गूटन टाग'पुरती, आणि तेही मान खाली घालून.

"संध्याकाळी संपदा आली की तिलाच सांगू. नीट बोलेल ती."

"तोवर बटाटा थांबेल का?"

पांढरा स्पंज हातात घेऊन श्रीपादराव जिना उतरले. पायरीपायरीवर वाक्य जुळवत होते: कर्ता, कर्म, क्रियापद शेवटी. घंटा वाजवली, दार उघडलं आणि आख्खं वाक्य कुठल्या कुठे पळालं. त्यांनी नुसता स्पंज पुढे केला.

फ्राऊ केसलरनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हाइस?" कढत पाण्यानं?

"हाइस," श्रीपादरावांनी मान डोलावली.

"आणि पाणी? सगळं?"

"आलेस." सगळं.

बाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना हसूच फुटलं. आपणही पहिल्या वर्षी हेच केलं होतं, असं त्या सावकाश, त्यांना समजेल अशा जर्मनमध्ये म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा फिल्टर उघडला, तपकिरी स्पंजाचा एक मोठा तुकडा कात्रीनं कापला आणि टाकीतल्याच पाण्यासह जॅमच्या बरणीत घालून दिला. हा फिल्टरमध्ये ठेवा. आत्ताच निम्मं पाणी बदला, आणि उद्या परत. "आणि निख्ट फ्युटर्न!" खायला अजिबात घालू नका.

म्हणजे ईश्वरीनं सोपवलेलं एकुलतं एक कामही गेलं. पण तो गढूळ ऐवज दोन्ही हातांनी धरून जिना चढताना श्रीपादरावांना ते जाणवलंही नाही.

एक निऑन गेलाच. बाकीचे हळूहळू खाली उतरले, पुन्हा थव्यानं फिरू लागले. रोज पट्टी बुडवावी, गुलाबी रंग थोडा फिका दिसावा. आणि एके सकाळी वसुधाबाईंनी हाक मारली, "अहो, या लवकर! तुमचा बटाटा उकरतोय!" खरंच वाळूचा एवढासा ढग उडत होता.

ईश्वरी परतली ती पाठीवरची सॅक न उतरवताच टाकीपाशी गेली. श्रीपादराव मागे येऊन उभे राहिले. लेकीनं समजावून सांगावं असं त्यांना फार वाटत होतं, पण त्यांनी स्वतःच सांगितलं. शिळं पाणी, स्पंज, गेलेला निऑन, सगळं. ईश्वरीचे डोळे भरून आले. काचेला नाक लावून तिनं बटाट्याला नीट पाहून घेतलं.

"मी फक्त फ्युटर्न म्हणाले होते," ती म्हणाली.

"हो बाळा. ऐकलं नाही मी."

मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. ती गर्रकन वळली. "फ्राऊ केसलरकडे कोण गेलं? आई?"

"मी."

"एकटे? आणि बोललात?"

"दोन शब्द."

"आजोबा!" तिनं त्यांच्या पोटाला मिठी मारली. सॅकचा पट्टा चष्म्याला लागला, तरी ते हलले नाहीत.

रिकामी बरणी परत करायची नसते, म्हणून वसुधाबाईंनी ती रव्याच्या लाडवांनी भरली आणि नेऊन द्यायला पुन्हा नवऱ्यालाच पाठवलं. या खेपेला जिन्यात त्यांनी वाक्य जुळवलं नाही.

शनिवारी ईश्वरीनं टाकीपाशी बादली ठेवली आणि रबरी नळीचं एक टोक आजोबांच्या हातात दिलं. "थोडंच हं. एवढंच." तिनं बादलीवर बोटानं रेघ दाखवली. पाणी रेघेपर्यंत आलं तशी तिनं नळी वर उचलली. श्रीपादराव बादली घेऊन निघाले.

"नाइन, आजोबा, सिंकमध्ये नाही! ते पाणी झाडांना..."

"ते मला नको शिकवूस," श्रीपादराव म्हणाले आणि बादली सांभाळत बाल्कनीतल्या कुंड्यांकडे गेले.