भरलेला कप्पा

टक.

सिंकमध्ये भिजत पडलेली पातेली.

"हिला ऐकू येतं ना नक्की?" आल्यागेल्याचा प्रश्न.

खिडकीच्या काचेला टेकलेलं एक इवलंसं कपाळ.

टक.

मित्रांनो, मी एक जुनी, सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आहे. प्रत्येक वाराला एक कप्पा, एक झाकण. मघाचं 'टक' माझ्या झाकणाचंच. साच्यातून निघाले, औषधांच्या दुकानात धूळ खात बसले आणि एका शिंपीणबाईंच्या घरी आले. त्यांना फिट यायच्या. त्या येऊ नयेत म्हणून रोज एक गोळी. "ही डबी नसती तर मी मशीनवरच आडवी झाले असते," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, तेव्हा मी फुगून जायचे.

मग मुलगी झाली. हाक मारली तर बघायची नाही; रिळं मात्र रंगांप्रमाणे तासन्‌तास लावत बसायची. स्वमग्नता, डॉक्टर म्हणाले. तिला मी आवडायचे. आई गोळी गिळायची, ती रिकाम्या कप्प्याचं झाकण लावायची. त्याशिवाय तिची सकाळ सुरूच व्हायची नाही.

आता शिंपीणबाई पुन्हा गरोदर. नणंद मोबाइल नाचवत आली.

"वहिनी, वाचलंस का? पोटुशीनं गोळ्या खाल्ल्या की मुलं अशी होतात म्हणे."

"अशी म्हणजे कशी गं?"

"आता माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी गोळी कप्प्यातच राहिली. टाकवेना, गिळवेना. ती माझ्या पोटात खुळखुळत होती आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं! मुलगी आली. कप्पा भरलेला. झाकण लावेना. बोट गोळीवर, मग आईच्या ओठांवर.

"लाव ना गं राणी."

मुलगी कान झाकून किंचाळली. बाबा गालावरच्या साबणासकट धावत आले, कप्प्यात डोकावले.

"का नाही घेतलीस?"

"एकीचं वाटोळं केलं मी. दुसऱ्याचं नाही करणार."

"वाटोळं? ती समोर उभी आहे. ऐकतेय. आणि तू मशीनवर कोसळलीस, तर पोटातलं काय हवेत तरंगणार आहे?"

तशीच मला पर्समध्ये कोंबून ती दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई थेट बोलल्या. "या गोळीनं मुलाला स्वमग्नता असण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण थोरलीचं त्यामुळंच झालं का, ते मीच काय, कुणीच सांगू शकणार नाही. मात्र एकदम तोडायची नाही. फिट आली तर दोघांनाही धोका. माझ्या देखरेखीखाली हळूहळू बदलू."

बाळ अजून यायचंय. कसं असेल, ठाऊक नाही. नवी गोळी तळहातावर घेऊन शिंपीणबाई थोडं थांबतात. मग गिळतात.

मित्रांनो, घरातल्या डबीवर राग काढू नका, आईवर तर नकोच. मनानं औषध तोडू नका. विचारा. उत्तर अर्धवट वाटलं, तर पुन्हा विचारा.

थोरली पोटात होती, तेव्हा शिंपीणबाईंनी त्या वेळच्या डॉक्टरांना गोळीबद्दल विचारलं होतं. "चालू ठेवा," एवढंच उत्तर मिळालं होतं.