देवीनं मागितलेला गूळ

माझ्या आईला साखरेचा रोग झाला म्हटल्यावर आमचं गाव आधी हसलं. आमच्याकडे साखर बाहेर निघायची ती पाहुणा आला तर, एरवी गुळाच्या चहावर भागायचं. त्यात हा श्रीमंतांचा रोग कुशाबाच्या बायकोला व्हावा, याची लोकांना गंमत वाटली. शेजारच्या तुळजाबाईनं तर तोंडावर विचारलं, की रंभे, तू कुणाच्या वाड्यावर चोरून एवढी खाल्लीस. आईही हसली. हसण्यावारी नेण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आमचं गाव पौडच्या पुढे, ताम्हिणीच्या वाटेवर. लावणीच्या वेळी खाचरात आईच्या पायात दगडाची कपची घुसली आणि ती जखम श्रावण लागला तरी भरेना. हळद झाली, पाला झाला, बिब्बा झाला. शेवटी पौडच्या सरकारी डॉक्टरनं लघवी तपासली आणि पुण्याला जायला सांगितलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला एस.टी.त घातलं. माझं सासर भुकूमला, गाडी दारावरूनच जायची, म्हणून वाटेत मीही चढले.

पुण्याच्या डॉक्टरांना वेळ नव्हता. बाहेर व्हरांड्यात माणसांची रीघ होती, त्यांनी तरी काय करावं. त्यांनी भराभर सांगितलं, की साखर, गूळ, भात बंद. रताळी, बटाटे, केळी, साबुदाणा तेही बंद. भाकरी-पालेभाजी खा, दोन्ही वेळा पोटभर जेवा, आणि रोज सकाळी ही एक गोळी, ती चुकवायची नाही. आबा नुसतेच बघत राहिलेले पाहून त्यांनी शेवटी सोपं करून सांगितलं, "बाबा, साखर म्हणजे हिला विष समजा."

एवढ्या सगळ्यातला तेवढा एक शब्द आबांनी घट्ट धरला. विष शेतकऱ्याला कळतं. जेवा म्हणून सांगितलेलं मात्र कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला जेव म्हणून काय सांगायचं? आणि गोळी घेऊन जेवलं नाही तर काय होतं, ते डॉक्टर बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. माहीतच नाही ते माणूस विचारणार कसं?

घरी आल्या आल्या आबांनी गुळाची ढेप उचलली आणि तुळजाबाईच्या घरी नेऊन ठेवली. आमच्या खाचरात आंबेमोहोर पिकायचा, शिजायला लागला की वास पार वेशीपर्यंत जायचा. आई शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरचा तो वास घेत नाचणीची भाकरी खायची, आणि आबाही तिच्याबरोबर भाकरीच खायचे. एकट्यानं भात खाणं त्यांना जमेना. गौरीच्या जेवणाला सगळ्या भावकीदेखत त्यांनी तिच्या ताटातली पुरणपोळी उचलली आणि पुढच्या पंगतीत देऊन टाकली. बायका पदराआड हसल्या. पुरुषांनी त्यांना राखणदार म्हणायला सुरुवात केली. आईचं तोंड लाजेनं लाल झालं होतं, पण नंतर भांडी घासताना ती मला हळूच म्हणाली, "लग्नाला तीस वरसं झाली लिले, पर माझ्याकडं इतक्यांदा कधी बगितलं न्हवतं त्यांनी."

गोळी मात्र तिला सोसत नव्हती. सुरुवातीला मळमळायचं, तोंडाला पाणी सुटायचं. पुढे मळमळ गेली आणि भलतंच सुरू झालं. दिवस वर चढला की तिचे हात थरथरायचे, दरदरून घाम फुटायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि भूक अशी लागायची, की समोर असेल ते ओरबाडून खावं. ती बांधावर बसायची, फडक्यातली भाकरी सोडायची. भाकरी पोटात गेली, की घटकेत सगळं ठीक. मग ती पदरानं तोंड पुसून पुन्हा कामाला लागायची.

आबांना तिनं हे सांगितलं तेव्हा ते उलट खूश झाले. गोळी रोगाशी भांडतेय, म्हणून अंग हलतंय, असा त्यांचा हिशेब. गावालाही तो पटला. औषध जेवढं जालीम तेवढं ते माणसाला हलवणार, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. एकदा पौडला जाऊन विचारून यावं असं ठरलं होतं, पण भात निसवून लोंब्या बाहेर पडायला लागल्या, रानडुकरं खाचरात शिरायला लागली, आणि ते जाणं राहून गेलं.

मग नवरात्र आलं.

आमच्या घरी घट बसले, की घरच्या लक्ष्मीनं नऊ दिवस अन्नाला शिवायचं नसतं. रताळी, केळी, साबुदाणा, गूळ-शेंगदाणे यांवर राहायचं. आईचा उपास तर त्याहून पक्का. मी लहान असताना आबा विषमज्वरानं मरणाच्या दारात जाऊन आले होते, तेव्हा ती देवीला नवस बोलली होती, की माझं कुंकू राख, जिवात जीव असेतो तुझे नऊ दिवस चुकवणार नाही. तेव्हापासून ती बाळंतपणातसुद्धा चुकली नव्हती.

यंदा आबांनी तिच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. पायाची जखम आत्ता कुठे भरत आली होती. यंदाचा उपास सोड, मी तुझ्या जागी करतो, म्हणाले. आई ऐकेना. ज्याच्यासाठी बोललेय त्यालाच उपाशी ठेवलं तर देवी काय म्हणेल, असं ती विचारायची. इकडे आड, तिकडे विहीर. देवीनं अन्न बंद केलेलं आणि डॉक्टरनं फराळाचं. आमची म्हैसही तेव्हा आटलेली, घरात दुधाचा थेंब नव्हता.

शेवटी आबांनीच तोड काढली. दोघांचंही ऐकायचं. अन्न नाही आणि फराळही नाही. बिनगुळाचा कोरा चहा, पाणी, आणि दिवेलागणीला मूठभर शेंगदाणे. "नऊ दिस पोट रिकामं ऱ्हायलं, तर त्या रोगालाच उपास घडंल," असं ते म्हणाले, आणि ज्यानं ऐकलं त्यानं मान डोलावली. गोळीनं उपास मोडतो का, हे त्यांनी गुरवाला विचारून घेतलं. औषधाला विटाळ नसतो, असं गुरव म्हणाला. म्हणून रोज सकाळी घटाला माळ चढली, की आबा स्वतःच्या हातानं आईच्या तळहातावर गोळी ठेवायचे आणि ती गिळेपर्यंत तांब्या धरून उभे राहायचे. एक दिवस चुकले नाहीत. त्यांच्याइतकं डॉक्टरचं दुसऱ्या कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

आईला कामाचा भार नको म्हणून मी माहेरी आले होते. दुसऱ्या-तिसऱ्या माळेलाच ती भिंत धरून चालायला लागली. डोकं दुखतं म्हणायची, शब्द शोधत बोलायची. विचारलं तर म्हणायची, उपासाचं आहे.

पाचव्या माळेला बायका ओटी भरायला आल्या होत्या. उन्हं डोक्यावर आलेली, आबा खाचरावर गेलेले. आई घटापुढे बसली होती आणि बसल्या बसल्या थरथरायला लागली. आधी हात, मग खांदे, मग सगळं अंग. कपाळावरून घाम निथळत होता, डोळे कुठेतरी भलतीकडेच लागले होते. मी हाक मारली तर तिनं मला ओळखलं नाही. जीभ जड झाल्यासारखी ती काहीतरी पुटपुटत होती. अंबाडा सुटून केस तोंडावर आले.

तुळजाबाईनं कपाळाला हात जोडले. "आली," म्हणाली. "रंभेच्या अंगात आई आली."

आमच्या घरात आजवर कुणाच्या अंगात आलं नव्हतं. बायका पटापटा पाया पडायला लागल्या. कुणी तिच्या कपाळावर मळवट भरला, कुणी ऊद जाळला, कुणी सून गरोदर राहील का म्हणून विचारलं. माझी आई भुकेनं तडफडत होती आणि त्या तिला नातवंडं मागत होत्या. आज हे लिहिताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण राग कुणावर काढू? त्यांच्यात वाईट एकही नव्हती.

"काय पायजे आई तुला?" तुळजाबाईनं विचारलं. "आमचं काय चुकलं-माकलं, सांग."

आईनं ओठ हलवले. दोनदा काही कळलं नाही. मग तिनं स्पष्ट म्हटलं, "गूळ."

तुळजाबाई धावत घरी गेली आणि आमच्याच ढेपेतला मोठा खडा परातीत घालून घेऊन आली. तेवढ्यात कुणीतरी बोलावलं म्हणून आबा खाचरावरून पळत आले. गुडघ्यापर्यंत चिखल, तसेच आत शिरले. तुळजाबाईचा हात आईच्या तोंडापाशी पोचलाच होता. आबांनी तो मनगटाला धरून मागं ओढला.

"देवी मागतीया कुशाबा," तुळजाबाई म्हणाली. "न्हाई म्हणू नगंस. घरादाराचं वाटुळं हुईल."

आबांचा देवीवर माझ्या आईइतकाच विश्वास होता. ते आईपुढे गुडघ्यांवर बसले आणि तिच्या पायावर त्यांनी डोकं ठेवलं.

"आई, तुला काय पायजे त्ये माग," ते म्हणाले. "कोंबडं माग, बकरं माग. माझा जीव माग, देतो. गूळ तेवढा मागू नगं. त्यो माझ्या बायकुला इख हाय."

आईनं त्यांचा हात धरला. घामानं तिची बोटं निसटत होती, तरी तिनं पुन्हा पुन्हा धरला. "गूळ द्या," ती म्हणाली. "वाईच द्या."

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपण देवीला नाही म्हणतोय, याचं फळ भोगावं लागणार, हे त्यांना कळत होतं, आणि बायकोसाठी ते भोगायला ते तयार होते. त्यांनी परात उचलली, वरवंट्यानं खडा फोडला आणि देवीचा वाटा देवीलाच पोचावा म्हणून जमलेल्या एकेका सवाष्णीच्या हातावर ठेवला. देवी तुमच्या तोंडानं खाईल, म्हणाले. बायकांनी तो भक्तिभावानं तिथंच तोंडात टाकला. माझ्याही हातावर ठेवला. आई आमच्या हलणाऱ्या तोंडांकडे बघत होती.

थोड्या वेळानं तिचं थरथरणं थांबलं. ती आडवी झाली, डोळे मिटले. देवीचं समाधान झालं, आता हिला निजू द्या, असं म्हणून बायका आपापल्या घरी गेल्या. आबा तिच्या उशाशी बसून वारा घालत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं संकट टळल्याची सुटका दिसत होती.

उन्हं कलली तरी ती उठेना. घशातून घरघर येत होती, हलवलं तरी पापणी उघडत नव्हती. मग गाडी जुंपली. तुळजाबाई आणि मी आईला मांडीवर घेऊन बसलो आणि आबांनी पौडपर्यंत बैल पळवले. सरकारी डॉक्टर तेच होते, लघवी तपासणारे, पोरसवद्या वयाचे. त्यांनी नाडी पाहिली, काय खाल्लं होतं विचारलं. पाच दिवसांत मूठभर शेंगदाण्यांपलीकडे काही नाही, पण गोळी एकही चुकवली नाही, असं आबांनी अदबीनं सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी घाईघाईनं दंडातून साखरेचं पाणी द्यायला घेतलं. ते पाहून आबा त्यांना अडवायला पुढे झाले. कंपाउंडरनं त्यांना धरून बाहेर नेलं.

ते पाणी पुरं आत जायच्या आधीच आई गेली.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा रडायच्या बेतात होते. त्यांनी आबांना समजेल असं सांगितलं, की गोळी अंगातली साखर उतरवते, वर अन्न नसेल तर उतरवतच राहते. थरथर, घाम, भ्रम, सगळं त्याचंच.

"मंग तवा गूळ चालला असता का, सायेब?" आबांनी विचारलं.

"चालला असता काय," डॉक्टर म्हणाले. "तेच औषध होतं. एवढासा खडा तोंडात गेला असता तरी त्या उठून बसल्या असत्या."

आबा दवाखान्याच्या पायरीवर बसले. तुळजाबाईनं त्यातलं काही ऐकलं नव्हतं, ती गाडीपाशी होती. ती येऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. देवीचं मागणं मोडू नये, पण तुझ्या मायेपुढं तुझा तरी काय इलाज, तिनं नेली आपली रंभा, असं समजुतीचं बोलत राहिली.

आबांनी मान वर केली नाही.

"देवी कुटली, तुळजाबाय," ते म्हणाले. "देवी आलीच न्हवती. माझी रंभाच मागत व्हती. उपाशी व्हती ती. माझा हात धरून मागत व्हती, वाईच द्या म्हनून. आन् म्या तिच्यादेखत समद्यास्नी वाटला."