चावीकाकूंचं दार

सकाळचे नऊ वाजायचे होते, तरी गॅलरीतली फरशी पायाला चटके देत होती. संपादक जेवणाच्या टेबलावर सोसायटीच्या उन्हाळी पत्रकाचा शेवटचा खर्डा पसरून बसले होते आणि त्यांच्या बायकोला भाजी चिरायला जागा उरली नव्हती.

संपादक हे त्यांचं टोपणनाव. पस्तीस वर्षं एका छापखान्यात त्यांनी मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्तीनंतरही हात शिवशिवत होते, म्हणून सोसायटीचं चार पानी पत्रक त्यांच्या गळ्यात पडलं. घरं बासष्ट, वर्षाला अंक चार, आणि त्यांत उन्हाळ्याचा अंक सगळ्यांत भरगच्च. पाणी किती वाजता येणार, पोहण्याचा तलाव कधी उघडणार, मुलांचं शिबिर कुठे भरणार, गावाला जाताना काय काय बंद करायचं. 'शेजारधर्म' या सदरात एक वाक्य दरवर्षी ठरलेलं असे : बाहेरगावी जाणाऱ्यांनी चावी काकूंकडे द्यावी, त्या झाडांना पाणी घालतात.

दाराची घंटी वाजली. दारात त्याच काकू उभ्या होत्या. कमरेला चाव्यांचा जुडगा, हातात घडी घातलेला कागद.

संपादकांपेक्षा त्या दोनच वर्षांनी मोठ्या. पण साऱ्या सोसायटीच्या काकू म्हणून यांच्याही काकू. मुलं त्यांना चावीकाकू म्हणत. तळमजल्यावर मागच्या अंगाला, पाण्याच्या पंपाला लागून, त्यांचं एका खोलीचं घर होतं. नवरा होता तोवर या जोडप्याला घरोघरी बोलावणी असत. अकरा वर्षांपूर्वी तो गेला. पहिल्या वर्षी लोक हळहळले, दुसऱ्या वर्षी 'एकट्या बाईला काय बोलवायचं, तिलाही अवघड वाटतं' असं ठरलं, आणि तिसऱ्या वर्षापासून बोलावण्यांच्या जागी चाव्या यायला लागल्या. सोसायटी याला विश्वास म्हणत असे. काकूही बहुधा तसंच समजत, कारण दुसरं काही समजायला त्यांच्या हाती उरलं नव्हतं.

"पत्रक छापायला गेलं का हो?"

"दुपारी जाणार. या ना, बसा."

"बसत नाही. सोळा घरांची झाडं राहिलीत अजून." त्यांनी कागद पुढे केला. "एवढं जमलं तर टाका त्यात."

चारच ओळी होत्या. 'मी एकटी राहते. उन्हाळ्यात मला चक्कर येते. जे कोणी इमारतीत असतील त्यांनी सकाळी एकदा माझं दार वाजवावं. माझी एक चावी ठेवून घ्यायला कोणी तयार असेल तर कळवावं.' त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, हे संपादकांच्या सगळ्यांत आधी लक्षात आलं.

"काकू, तुम्हाला काय धाड भरलीय? आमच्यापेक्षा ठणठणीत आहात."

काकू हसल्या. "परवा जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा हाताला लागला म्हणून निभावलं. एकट्या माणसाचं कसं, पडलं तर पडलंच."

"बघतो. जागा झाली तर टाकतो."

"बघा. नाहीच जमलं तर राहू दे, पुढच्या वेळी टाका," असं म्हणून त्या जिना चढू लागल्या.

दुपारी तिसरं पान बरोबर चार ओळींनी जास्त भरलं. अध्यक्षांनी स्वतः काढलेला बागेतल्या फुलांचा फोटो थोडा लहान करता आला असता. तलावाच्या नियमांतला एखादा नियम कमी झाला असता तरी कुणी बुडालं नसतं. पण फोटोला हात लावला असता तर अध्यक्षांनी तोंड फुगवलं असतं. संपादकांनी काकूंच्या ओळींवर रेघ मारली. सुट्टीच्या अंकात असला रडका मजकूर शोभत नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

"काकूंचं टाकलंत का?" बायकोनं आतून विचारलं.

"पुढच्या अंकात."

"पुढचा अंक पावसाळ्यात. त्यांना चक्कर उन्हाळ्यात येते."

"मग तू वाजव ना रोज दार."

"माझे गुडघे मेले दोन जिने उतरायचं म्हटलं की रडतात. तुम्ही उतरता ना पेपर आणायला?"

"बघू," संपादक म्हणाले, आणि बहुतेक घरांत असल्या गोष्टी जिथे संपतात तिथेच ती गोष्ट संपली.

बारा दिवसांनी, भर उन्हाच्या वेळी, चौथ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांचा फोन आला. ते सहकुटुंब थंड हवेच्या ठिकाणी गेले होते आणि घरातल्या कॅमेऱ्यातून गॅलरी बघत होते.

"संपादक, काकूंचं चाललंय काय? तीन दिवस झाले, झाडांना पाण्याचा थेंब नाही. माझ्या वेलींनी माना टाकल्यात पार. घेतलेलं काम नीट करायला नको का माणसानं? पुढच्या पत्रकात जरा लिहाच तुम्ही यावर."

खरं सांगायचं तर संपादकांनाही क्षणभर काकूंचा रागच आला. 'सांगतो त्यांना' असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि चपला घातल्या. पहिला जिना उतरेपर्यंत राग होता. दुसऱ्या जिन्यावर त्यांच्या लक्षात आलं की, बारा दिवस आपण रोज पेपर आणायला खाली गेलो आणि मागच्या बाजूला एकदाही वळलो नाही. उरलेल्या पायऱ्या ते पळतच उतरले.

दार वाजवलं. हाका मारल्या. आतून उत्तर नाही. काकूंची चावी कुणाकडेच नव्हती. त्या मागच्या बोळातली उरलेली दोन्ही घरं बंद होती आणि त्यांच्या चाव्या काकूंच्या खोलीत, भिंतीवरच्या फळीला, नावांच्या चिठ्ठ्या लावून नीट टांगलेल्या होत्या. कुलूपवाल्याला बोलवावं लागलं. कुलूप निघालं तरी दार पुरतं उघडेना, कारण काकू दाराला लागूनच पडल्या होत्या.

डॉक्टर खाली मान घालून बोलले. पडल्यावर मांडीचं हाड मोडलं असावं. जीव लगेच गेला नाही. किमान एक दिवस, कदाचित जास्तच, त्या जिवंत होत्या. त्यांच्या हातात स्टीलचा मग होता आणि दाराच्या खालच्या भागात, लाकडावर, वीतभर उंचीवर त्याच्या खोल खुणा पडल्या होत्या. पंप सकाळ-संध्याकाळ घरघरत होता आणि बोळात ऐकायला कुणी नव्हतं. बाहेरून दिवसातून एकदा कुणी दार वाजवावं, एवढंच या बाईनं मागितलं होतं. शेवटी ते दार तिनं स्वतः आतून वाजवलं.

परदेशातून मुलाचा फोन आला. "तुम्ही इतके सगळे आहात म्हणून मी निर्धास्त होतो," एवढं बोलून तो रडू लागला.

चौथ्या दिवशी सोसायटीच्या कार्यालयात शोकसभा झाली. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. बसल्यावर पहिला प्रश्न आला तो असा :

"चाव्या कुठे आहेत मग सगळ्या?"

विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. वाईट काही नसताना असे प्रश्न येतात, हेच भयंकर आहे. पुढची पंधरा मिनिटं चाव्यांवर चर्चा झाली. मग अध्यक्षांनी खिशातून कागद काढला. "संपादक, हे खास पत्रकात घ्या. 'सर्वांच्या लाडक्या काकूंचे वृद्धापकाळाने दुःखद निधन. सोसायटी परिवारावर शोककळा.' आणि खाली, चाव्यांसाठी नवी व्यवस्था."

संपादकांनी कागद वाचला. मग खिशातून लाल पेन काढलं.

"यात चूक आहे."

"कुठली? शुद्धलेखन मी बघितलंय."

"वृद्धापकाळानं नाही गेल्या त्या. आपण पंचवीस-तीस माणसं इमारतीत असताना, दार कुणी वाजवलं नाही म्हणून गेल्या." संपादकांनी पेनाचं टोक त्या शब्दाखाली ओढलं. "आणि त्यांनी लिहून मागितलं होतं. चार ओळी दिल्या होत्या माझ्याकडे. तुमच्या फुलांच्या फोटोला जागा हवी म्हणून मी त्या कापल्या. फोटो तुमचा, पण कापल्या मी. आधी हे छापणार, मग बाकीचं."

"अहो, भावनेच्या भरात काहीतरी बोलू नका," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. "पत्रक बाहेर चार लोक वाचतात. सोसायटीचं नाव जाईल."

"काकूंचं नाव तरी कुणाला माहीत आहे इथं?" संपादकांनी विचारलं. "सांगा बरं. अकरा वर्षं चाव्या देताय."

कुणालाच सांगता आलं नाही. संपादकांनाही ते पोलिसांच्या कागदावर पहिल्यांदा वाचायला मिळालं होतं. त्यांनी अध्यक्षांचा कागद घडी करून टेबलावर ठेवला. "मी हे छापणार नाही. दुसरा संपादक बघा."

त्या संध्याकाळी नवराबायकोनं मिळून एक पान तयार केलं. काकूंचं खरं नाव, त्यांच्या चार ओळी जशाच्या तशा, त्या का छापल्या गेल्या नाहीत त्याचं कारण, आणि खाली एक यादी : या इमारतीत एकटी राहणारी माणसं. यादी करताना दोघं अनेकदा थांबले. आठ माणसं निघाली. त्यांतल्या तिघांचे चेहरेही त्यांना नीट आठवेनात.

"यांची दारं कोण वाजवणार?" बायकोनं विचारलं.

"सही करायला जागा सोडलीय खाली. पहिली माझी."

"दुसरी माझी लिहा. गुडघे रडले तर रडू देत."

पान बासष्ट दारांखालून आत सरकलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच सह्या झाल्या. दोन पानं चुरगळून संपादकांच्या दाराशी टाकलेली सापडली. अध्यक्षांनी फोन करून अब्रुनुकसानीचं काहीतरी ऐकवलं. संपादकांनी ते ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते सहाव्या मजल्यावर गेले. तिथे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. बायको जाऊन सात वर्षं झाली होती, ऐकायला कमी यायचं. संपादकांनी दार वाजवलं, पुन्हा जोरात वाजवलं. बऱ्याच वेळानं साखळी अडकवलेलं दार वीतभर उघडलं आणि फटीतून घाबरलेला चेहरा दिसला.

"टीव्हीचा आवाज ना? करतो हो कमी, आत्ता करतो. काल पण खालच्यांचा निरोप आला होता. परत नाही होणार."

"अहो, आवाजासाठी नाही आलो."

"मग? कसली वर्गणी आहे का?"

"काही नाही," संपादक म्हणाले. "तुम्ही कसे आहात ते बघायला आलो."

त्या गृहस्थांना ते ऐकू आलं की नाही, कळलं नाही. त्यांनी थोडा वेळ संपादकांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग साखळी काढायचा प्रयत्न करू लागले, पण ती निघायला फार वेळ लागला. संपादक बाहेर उभे राहिले.