चार माणसांची गाडी

आनंदने जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा करून जमिनीवर पसरला आणि कोपऱ्यांवर डबे ठेवले, डाळीचा, साखरेचा, पोह्यांचा. चौथा डबा हाताशी येईना, तेव्हा त्याने सरळ वासंतीच्या हातातलं लाटणं ओढून घेतलं.

"अहो, पोळ्या व्हायच्यात अजून!"

"पोळ्या रोजच्याच आहेत. हे बघ, हा समुद्र." त्याने निळ्या पेन्सिलीने कागदाच्या डाव्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक नागमोडी रेघ ओढली. "आणि हा आपला रस्ता. कळव्याचा पूल ओलांडला की मुंब्रा, पनवेल, पेण. मग अलिबाग. तिथून जो समुद्र उजव्या हाताला लागतो, तो थेट श्रीवर्धनपर्यंत पाठ सोडत नाही."

"आणि दादा, मध्ये खाडी आली की?" नीलाने विचारलं. नीला म्हणजे वासंतीची धाकटी नणंद. ती नकाशावर अशी ओणवी झाली होती की तिची वेणी समुद्रात पडली होती.

"जंगारवरून जायचं. दोन होड्या शेजारीशेजारी बांधतात, वर फळ्या टाकतात आणि फळ्यांवर गाडी चढवतात. गाडीसकट तरंगत पलीकडे!"

"आणि बुडली तर?"

"तर तुला तार करू."

सगळे हसले. वासंतीही हसली, पण तिचं निम्मं लक्ष त्या रेघेवर होतं. काय सुंदर रेघ होती ती! कारखान्यात दिवसभर नकाशे काढणारा हात, पण असा मोकळा सुटलेला तिने कधी पाहिला नव्हता.

गाडी होती प्रभाकरची. प्रभाकर आनंदचा शाळासोबती, आग्रा रोडवर त्याचं मोटारदुरुस्तीचं दुकान. भंगारात निघालेली एक बेबी ऑस्टिन त्याने वर्षभर खपून उभी केली होती आणि आता तिची परीक्षा घ्यायला त्याला कुणीतरी धाडसी माणूस हवा होता. आनंद असल्या बाबतीत हाक मारायच्या आधीच हजर. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते लग्नात त्याला लागू पडलं नव्हतं, गाडीच्या बाबतीत मात्र तंतोतंत लागू पडलं.

हा बेत ठरला होता तो आधीच, जिन्यावर. नौपाड्यातल्या त्या दोन खोल्यांत सहा माणसं राहायची. सासूबाई, दोन नणंदा, एक दीर आणि ही दोघं. मामंजी रेल्वेत, बदलीवर मनमाडला, महिन्यातून एकदा यायचे. रात्री बायका आतल्या खोलीत, पुरुष गॅलरीत. लग्न होऊन सहा महिने झाले तरी नवऱ्याशी दोन वाक्यं धड बोलायची तर वासंतीला जिन्याचं वळण गाठावं लागे, तेही हातात पाण्याची कळशी घेऊन, म्हणजे कुणी आलंच तर पाणी भरतेय असं वाटावं. सिनेमाला निघावं तर सोबतीला नीला ठरलेलीच. असल्याच एका कळशीच्या वेळी आनंद तिच्या कानाशी म्हणाला होता,

"प्रभ्या गाडी देतोय. दिवाळी झाली की चार दिवस समुद्राकाठाने जाऊ. आपण दोघंच."

दोघंच! वासंतीची कळशी हिंदकळली. त्या दिवसापासून तो शब्द ती जिभेखाली खडीसाखरेसारखा धरून होती. चार दिवस शेजारी बसायचं. मोठ्याने बोलायचं, वाटलं तर मोठ्याने हसायचं. याहून तिला दुसरं काही नको होतं.

पण त्या घरात गुपित कसलं टिकतंय? दोन दिवसांत बेत सासूबाईंच्या कानावर गेला. आता बोलणी बसणार म्हणून वासंती धास्तावली. सासूबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी विळी आडवी केली.

"श्रीवर्धनपर्यंत जाणार? माझ्या माहेरी?"

"हो आई," आनंद म्हणाला.

"मग मीही येते." आणि लगेच, लहान मुलीसारखं, "येऊ ना रे? गाडीत मावेन ना मी?"

नाही कोण म्हणणार? नीलाच्या जन्मानंतर त्यांचं माहेरी पाऊल पडलं नव्हतं. वासंतीने मान हलवून 'या की' म्हटलं आणि मोरीत जाऊन उगाच दोन तांबे पाणी तोंडावर मारून आली.

पुढच्याच आठवड्यात कल्याणहून, पारनाक्यावरून, आनंदच्या आत्याबाई आल्या. त्यांना सगळं ऐकवलं गेलं. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"हरिहरेश्वराचा नवस राहिलाय माझा! श्रीवर्धनला जाऊन तसंच मागे फिरणार होय रे? मी येते. चौघांची गाडी आहे ना? मग झालं तर." आणि थोडं थांबून, "मात्र मी पुढे बसणार हो. मागे बसलं की मला मळमळतं."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! म्हणजे पुढे, आनंदच्या शेजारी, आत्याबाई. मागे सासूबाई, वळकट्या, लाडवांचा डबा आणि वासंती. तिला हसू यावं की रडू, तेच कळेना. सासूबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.

पण खरं सांगायचं तर रडायला सवडच नव्हती. घर नुसतं फुलून आलं होतं. मुक्कामाच्या गावी कोणकोण नातेवाईक आहेत त्यांचा शोध लागला, पत्रं गेली, उत्तरं आली. कुणी लिहिलं, येताना ठाण्याची बिस्किटं आणा. कुणी लिहिलं, आमच्याकडे शहाळी आहेत, पाणी आणू नका. सासूबाईंनी शेंगदाण्याचे लाडू वळले, मेतकूट दळून आणलं, दशम्यांचं पीठ वेगळं काढलं. वासंतीने जुन्या पातळाची मऊसूत उशी शिवली, कारण सासूबाईंची कंबर धरते आणि गाडीची मागची सीट म्हणजे निव्वळ फळी.

निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रभाकर गाडी दाराशी लावून गेला. आळीतली पोरं जमली. गाडीला दारं दोनच. पुढची सीट कलती करून मागे शिरावं लागे. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि वासंतीला हळूच म्हणाल्या,

"जरा बसून बघू या का गं? उद्या फजिती नको."

दोघी शिरल्या. गाडी जागची हलत नव्हती, पण सासूबाई खिडकीची कड घट्ट धरून बसल्या होत्या.

"आमच्या घराच्या मागे बाग आणि बागेमागे लगेच समुद्र," त्या म्हणाल्या. "रात्री लाटा ऐकतच झोपायचो आम्ही. कसा असतो तो आवाज, तेच विसरले बघ." आणि त्या स्वतःशीच खुदकन हसल्या. वासंतीला त्या क्षणी त्यांचा इतका लोभ वाटला की 'दोघंच' हा शब्द तिने निमूटपणे गिळून टाकला. टाकला, असं तिला वाटलं तरी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळे तयार. गॅलरीत शेजारीपाजारी निरोप द्यायला उभे. आत्याबाई कल्याणहून पहिल्या गाडीने येणार होत्या. त्यांच्याऐवजी त्यांचा मुलगा सहदेव आला, हातात नारळ घेऊन.

"आईचा गुडघा सुजलाय हो मामी. पाय टेकवत नाही. तुम्हीच एवढा नारळ देवाला वाहा म्हणाली."

सगळे हळहळले. वासंतीही हळहळली, पण पुढची सीट मोकळी झाली हे तिच्या मनात आधी आलं, हळहळ नंतर. तिने मनातल्या मनात त्या गुडघ्याची माफी मागितली. सासूबाई मागे चढल्या, उशी कमरेला लावली, वळकट्यांत ऐसपैस बसल्या. वासंती पुढे बसली. आनंदने हँडल फिरवलं. गाडी खोकली, थरथरली, सुरू झाली. गॅलरीतून एकच ओरडा उठला.

"थांब रे," सासूबाई म्हणाल्या. "बंद कर ती."

"काय झालं?"

"आता आपण तिघंच की."

"बरं मग?"

"बरं मग काय? तीन तिघाडा, काम बिघाडा. तिघांनी एकत्र घराबाहेर पडू नये. मी उतरते."

वासंती चमकून मागे वळली. तिघांनी निघू नये हे सगळ्यांनाच ठाऊक, पण त्यावरचा तोडगाही शेंबड्या पोराला ठाऊक असतो. चौथी म्हणून एक सुपारी बरोबर घ्यायची, सुपारी नसली तर रस्त्यावरचा खडा. झाली चार! तिघी मैत्रिणी परीक्षेला निघाल्या तेव्हा याच सासूबाईंनी नीलाच्या हातात सुपारी ठेवली होती. आता एवढंच तर बोलायचं होतं. आणि नाही बोललं तर? तर चार दिवस, दोघंच. वासंतीचे ओठ उघडले आणि तसेच राहिले.

बोलला तो आनंद. त्याच्या डोक्यात बिचाऱ्याच्या नुसती गाडी होती.

"हात्तिच्या! मग चंचीतली एक सुपारी ठेव की सीटवर."

सासूबाईंनी कमरेची चंची सोडली. आत पानं होती, चुन्याची डबी होती, अडकित्ता होता आणि एक अख्खी सुपारी होती. त्यांनी ती सावकाश अडकित्त्यात धरली आणि कट्कन फोडली.

"एकच होती," त्या म्हणाल्या आणि खांड तोंडात टाकलं.

वासंती खाली उतरली, तिने सीट कलती केली, हात दिला. सासूबाई उशी तिथेच ठेवून वाकून बाहेर आल्या. त्यांचं नवं लुगडं एवढ्यात चुरगळलं होतं. वासंतीला भडभडून आलं. काल खिडकीची कड धरून बसलेली ही बाई, आणि आपण तोंडातून शब्द काढू नये? चाकापाशी खडी पडली होती. ती चटकन वाकली, एक खडा उचलला आणि तळहातावर धरून पुढे केला.

"सासूबाई, हा घेऊ या. चला ना तुम्ही. खरंच चला."

सासूबाईंनी खड्याकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. सुपारी चघळता चघळता त्यांचे डोळे हसले.

"टाक तो आधी. लोकाची गाडी आहे, कचरा नको भरायला." आणि गॅलरीतल्या कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, "माझं माहेर कुठे पळून जातंय? भाऊला म्हणावं, माडीवरची खोली उघडून दे. खाली फार माणसं असतात."

वासंतीने तळहात उलटा करून खडा खाली टाकला.