उसन्या लेंड्या

थोरल्या जावेची शेळी पातळ हगू लागली आणि तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरने शेळीची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल रंग औषधालाही नव्हता.

"जंत रक्त पितायत," तो म्हणाला. "हिला औषध देतो. पण किती भरलेत ते बघायला उद्या लेंड्या घेऊन या."

आता आली का पंचाईत! थोरलीचं घर म्हणजे आरसा. जन्मात तिने कुणापुढे ओघळलेला पेला ठेवला नव्हता, आणि हा चिखल बाटलीत भरून मिरवायचा? कुंपणापलीकडे धाकट्या जावेची गाभण शेळी उभी होती. तिच्या लेंड्या कशा काळ्याभोर, गोल, मण्यांसारख्या! दोघी जावांचं अकरा वर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य; पण लेंड्यांवर कुठे नाव लिहिलेलं असतं? सकाळी थोरलीने कुंपणातून हात घातला आणि मूठभर उचलल्या.

डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढेचना. "बाई, जंतांची अंडीच अंडी! नशीब शेळी गाभण नाही, नाहीतर पिल्लांसकट गमावली असतीत."

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि गाभण असली, तर कुठलं औषध चालतं?"

"तुमची कुठे गाभण आहे?"

"सहज विचारलं. माहिती असलेली बरी."

दुपारी धाकटीकडे सामसूम बघून थोरली कुंपण ओलांडून गेली. शेळीचं डोकं काखेत दाबून तिने गाभण शेळीला चालणाऱ्या औषधाची पिचकारी तोंडाच्या कोपऱ्यात घातली, तोच मागून आवाज आला.

"जाऊबाई! विष घालताय माझ्या शेळीला?"

एरवी थापा मारण्यात थोरलीचा हात कुणी धरला नसता. आज एकही सुचेना.

"जंतांचं औषध आहे गं. डॉक्टरला तुझ्या शेळीच्या लेंड्या दाखवल्या, माझ्या म्हणून. त्यात अंडी निघाली."

"पण माझ्याच का नेल्या?"

"माझ्या शेळीच्या नेण्यासारख्या नव्हत्या." थोरली जमिनीकडे बघत पुटपुटली. "आणि तू जनावर ठेवतेस छान. लेंड्यासुद्धा बघत राहाव्या अशा."

धाकटीचे डोळे भरून आलेले बघून थोरली चपापली. हिच्या स्वयंपाकाला, शिवणाला, पोरांना, आपण अकरा वर्षांत एकदा तरी बरं म्हटलं होतं का? आठवून आठवून काही आठवेना, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकटीने नाक पुसलं, खाली बसली आणि शेळीचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"पाजा," ती म्हणाली. "आणि सांडू नका."