पहिला ठिपका

वर्षालीनं गुंडाळी सोडून कागद बाजेवर पसरला. वाऱ्यानं तो उडू नये म्हणून बिल्कीसनं चारी कोपऱ्यांवर एकेक कांदा ठेवला. कागदभर निळे ठिपके होते आणि ठिपक्याठिपक्यांतून रेषा फुटल्या होत्या. तिचे पती अब्दुल सत्तार उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

"हे काय हाय, मॅडम?"

"एक ठिपका म्हणजे एक फोन, चाचा. तुमचा व्हिडिओ कोणाकडून कोणाकडे गेला, ते आहे हे."

"इतके?"

"हे फक्त मी स्वतः जाऊन विचारलेले. दोनशे बारा."

वर्षाली अकोल्याची. अमरावतीला राहून ती पीएच.डी. करत होती. फोनवरून एखादी गोष्ट माणसामाणसांत कशी पसरते, हा विषय. सुरुवातीला तिला वाटलं होतं की काम संगणकावर बसून होईल. पण ते मेसेज ज्याच्या त्याच्या फोनात कुलूपबंद होते. मग आठ महिने ती एसटीनं हिंडली, दारोदार. हे तुम्हाला कोणी पाठवलं, दाखवता का? कोणी दार लावून घेतलं, कोणी चहा पाजून फोन हातात दिला. एकेका माणसावरून मागे मागे सरकत ती आज पातूरला, सत्तारचाचांच्या अंगणात पोचली होती.

व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा होता. त्यात सत्तारचाचा काळ्या पाण्यात पालकाच्या जुड्या बुचकळून काढताना दिसत. वरून एक जाड आवाज सांगे की हे पातूरच्या गटाराचं पाणी आहे, हे लोक मुद्दाम करतात, भाजी कोणाच्या हातची आहे ते बघून घ्या. पाणी विहिरीचं होतं. खड्ड्यात काळी ताडपत्री अंथरलेली, म्हणून ते काळं दिसे. तपासणी झाली, पाणी स्वच्छ निघालं. तोवर अकोल्याच्या बाजारात त्यांची भाजी कोणी उतरवून घेईना. एका सकाळी कोणीतरी त्यांचं टोपलं रस्त्यात उलटं केलं. पातूरच्या आठवडी बाजारात बारा वर्षं बिल्कीसकडून कोथिंबीर नेणाऱ्या बायका लांबूनच बघत आणि पुढच्या दुकानावर जात.

"मंग खरं बी असंच फिरवा ना," सत्तारचाचा म्हणाले. "तुमाले तं सगळे ठिपके मालूम हायेत."

"फिरवलं, चाचा. तपासणीचा कागद, ताडपत्रीचा फोटो, सगळं. याच सगळ्यांना पाठवलं."

"मंग?"

"पाच जणांनी पुढं पाठवलं. तिथून पुढं कोणीच नाही."

सत्तारचाचांनी मान हलवली. त्यांना फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

वर्षालीला आता फक्त पहिला ठिपका हवा होता. सुरुवात सापडल्याशिवाय जाळ्याला अर्थ नाही, असं तिचे सर म्हणत. सगळ्या रेषा मागे मागे जात सत्तारचाचांच्या धाकट्या भावाशी, अकोल्याच्या अजहर टेलरशी, येऊन थांबल्या होत्या. काल अजहरनं आपला फोन तिच्यापुढे धरला होता. त्याच्याकडच्या व्हिडिओत तो जाड आवाज नव्हताच. एक मुलगी खुदखुदत होती. "अब्बू, इधर देखो ना!" अजहरनं तो कौतुकानं दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकला होता, 'भाई की मेहनत' असं लिहून. आवाज नंतर कोणी चिकटवला ते कळायला मार्ग नव्हता. आवाजासकट व्हिडिओ ज्या नंबरवरून पहिल्यांदा आला, तो आता बंद होता. पण अजहरला तो आला होता या घरातून.

"चाची, घरचा फोन जरा बघायचा होता," वर्षाली म्हणाली.

"तो तं विहिरीत पडला," बिल्कीस लगेच म्हणाली. मग उठली. "चाला, तुमाले विहीर दाखवतो."

दारात त्यांची अकरा वर्षांची मुलगी अनीसा पुस्तक घेऊन बसली होती. त्या दोघी जवळून गेल्या तरी तिनं वर पाहिलं नाही.

विहिरीपाशी बिल्कीस हळू आवाजात म्हणाली, "तिनंच काढला व्हिडिओ, ताई. अजहरचाचाले पाठवाले. तवापासून फोनले हात लावत नाई पोरगी. तिच्या अब्बूले मालूम नाई. मालूम झालं तं ते रागावनार नाईत, काईच बोलनार नाईत. त्याचंच भेव वाटते मले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "नका लिवू."

वर्षालीनं विहिरीत पाहिलं. डिसेंबरातच पाणी तळाला गेलं होतं.

सत्तारचाचा तिला स्टँडवर सोडायला आले. कागदाची गुंडाळी त्यांनीच काखेत धरली होती. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "फोन विहिरीत नाई पडला."

वर्षालीनं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"मी पालक धुऊन राहिलो होतो, तवा समोर कोन उभं होतं, ते मले मालूम नसन काय? बिल्कीसले वाटते, मले मालूम नाई. वाटू द्या." स्टँड दिसू लागलं तेव्हा त्यांनी काखेतल्या गुंडाळीवर हात ठेवला. "या कागदात मी कुठी हाय?"

"तुम्ही नाही, चाचा. तुम्ही कोणाला पाठवलाच नाही ना."

"मंग टाकजा मले. पयला."

"असं करता येत नाही."

"काहून? लेकरू टाकता येते, बाप टाकता येत नाई?"

एसटी लागली. खिडकीतून त्यांनी गुंडाळी आत दिली आणि बस हलायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागले.

अमरावतीला आल्या आल्या तिनं कोणी कोणाला पाठवलं त्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत 'स्त्री, ११' लिहिलं आणि मग चार दिवस त्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी तिनं ते पुसलं आणि चाचांचं 'पुरुष, ४७' लिहिलं. सर खूश झाले. स्वतःचंच नुकसान करणारा व्हिडिओ माणूस स्वतःच पाठवतो, हे फार रंजक आहे, म्हणाले. त्यांनी त्यावर वेगळा परिच्छेद लिहायला सांगितला. तिनं लिहिला.

मार्चमध्ये तोच व्हिडिओ तिच्या आईच्या फोनवर आला. आता त्यात पातूरऐवजी दुसऱ्याच गावाचं नाव होतं. वर्षालीनं अजहरकडून चाचांच्या घरचा नंबर घेतला आणि पातूरला फोन लावला. बऱ्याच वेळानं तो उचलला गेला.

"अब्बू नाईत," अनीसाचा आवाज होता. "शेंदूरजनाघाटले गेले, संत्रे छाटाच्या कामाले. अम्मी बी दुसऱ्याच्या वावरात गेली. घरी कोनी नाई, म्हनून उचलला."

"बरं. मी वर्षाली, अमरावतीची. शाळेत जातेस ना?"

"जातो." ती थांबली. "ताई, तुमच्या कागदातला तो पयला भेटला काय तुमाले?"

"हो. भेटला."

"कोन होता?"

"एक माणूस होता. मोठा. तू नाही ओळखत."

 पलीकडे कुठेतरी लांब कोंबडी ओरडत होती.

"अब्बूनंच सांगतलं ना तुमाले, असं सांगा म्हनून?"

 फोन बराच वेळ दोघींपैकी कोणीही ठेवला नाही.