नत्थुजीच्या गाडीची धाव

वलगावच्या भगवंतरावांनी आपल्या गाडीच्या चाकांना चांदीची धाव बसवली, त्या दिवशी सारा गाव कामधाम टाकून वाटेवर येऊन उभा राहिला. नत्थुजीही उभा होता. त्या काळात वलगावातल्या बहुतेक गाड्यांच्या चाकांना धाव म्हणून नसायचीच. नुसतं बाभळीचं लाकूड जमिनीवर घासत चालायचं, झिजायचं, फुटायचं, की माणूस पुन्हा सुताराच्या दारात. घेराभोवती लोखंडाची पट्टी, म्हणजे धाव, ज्याच्या चाकाला, तो मोठा असामी. आणि इथं तर चांदी.

कुठंतरी समुद्रापार दोन भावांची लढाई लागली होती म्हणे, आणि तिथला कापूस अडकून पडल्यामुळं विलायतेला वऱ्हाडचा कापूस सोन्यासारखा लागत होता. लोकांच्या हातात पैसा खेळत होता आणि त्याचं काय करावं ते कोणाला सुचत नव्हतं. भगवंतरावांना हे सुचलं.

गाडी काळ्या मातीवरून हळूहळू आली. ऊन चाकांवर पडलं होतं, आणि मातीतून दोन चंद्र फिरत यावेत तसं दिसत होतं. गाडी पुढं गेली तरी नत्थुजी चाकांकडंच पाहत राहिला.

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "वच्छला, यंदा आपल्याबी गाडीले तशीच धाव लावू काय व?"

वच्छला सरकी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"त्या धावेवर अकोल्यापरेंत जाता येते काय?"

वच्छलाची धाकटी बहीण आशा अकोल्याला दिली होती. तिच्या लग्नानंतर दोघी बहिणींची गाठच नव्हती. आशाला लेकरं झाली, ती मोठी झाली, वच्छलानं एकाचंही तोंड पाहिलं नव्हतं. एकदा नत्थुजीनं गाडी जुंपली होती, पण बडनेऱ्याच्या पुढं चाकाचा घेर उकलला आणि दोघं बैल हाकत पायी परत आले. त्यानंतर वच्छलानं तो विषय काढला नव्हता. आज काढला.

"नाई," नत्थुजी म्हणाला. "चांदी नरम असते. अकोल्याले लोखंडच पायजे."

दुसऱ्या दिवशी दोघं अमरावतीला वाहेद लोहाराकडं गेले. वाहेदच्या भट्टीसमोर अर्ध्या मुलखाची चाकं टेकून ठेवली होती. कापसाच्या त्या वर्षांत त्याला जेवायला फुरसत नव्हती. त्यानं दोन पट्ट्या आणून जमिनीवर टाकल्या. एक दोन बोटं रुंद, एक चांगली तीन.

"ही पतली वाली सडकेवर हलकी चालते, नत्थुजी," तो म्हणाला. "बैलाले काई वाटतच नाई. पन तुमच्या काळ्या जमिनीत पाऊस पडला का सुरीवानी खाली जाते. ही चौडी मातीत वरच्या वर राहते. पन वजन हाय, आन सडकेवर आवाज लई करते. मी काय सांगू? दोनीतली कोनतीबी नेली तरी दुसरीची आठवन येईनच."

नत्थुजीनं दोन्ही पट्ट्या उचलून पाहिल्या, बोटांनी मोजल्या, पुन्हा खाली ठेवल्या. मन अरुंद पट्टीवर बसत होतं, कारण अकोल्याची वाट आता नव्या खडीची झाली होती. पण सहा महिने शेतातला चिखल तर याच गाडीनं तुडवायचा होता. त्यानं वच्छलाकडं पाहिलं. तिनं रुंद पट्टी दोन्ही हातांनी उचलली, थोडा वेळ तोलली आणि म्हणाली, "वजन घेतीन आपले बैल. चिखलात फसलेली गाडी मले काढावी लागते, बैलाले नाई."

मग रुंदच ठरली.

वाहेदनं पट्टी वाकवून तिचं कडं केलं. नत्थुजीनं ते चाकावर धरून पाहिलं तर कडं चाकापेक्षा लहान.

"वाहेदमिया, हे तं बसतच नाई."

"थंडं हाय म्हनून. आगीत मोठं होईन."

नत्थुजीला ती थट्टा वाटली. पण वाहेदनं कडं जमिनीवर आडवं ठेवून त्याच्यावर गोवऱ्यांची रास रचली आणि आग दिली. दुपार कलली तसं कडं आधी काळं, मग जांभळं, मग उगवत्या सूर्यासारखं लाल झालं. वाहेदनं तोंडातल्या तोंडात अल्लाचं नाव घेतलं. तो आणि त्याचे दोन भाऊ सांडशा घेऊन वाकले, लाल कडं उचललं आणि चाकावर सोडलं. मघाशी न बसणारं कडं अलगद बसलं. लाकडानं पेट घेतला. चाकाभोवती ज्वाळा उठल्या, तसे तिघांनी घागरीमागून घागरी ओतल्या, आणि वाफेचा पांढरा ढग भट्टीच्या छपरापर्यंत गेला.

त्या ढगातून चाकाचा आवाज आला. आधी करकर, मग हाड बसवताना येतो तसा कट्कन, मग पुन्हा कट्कन. लोखंड आवळत होतं, आणि वर्षानुवर्षं सैल पडलेला एकेक आरा आपल्या खोबणीत जाऊन बसत होता. वाफ विरली तेव्हा चाकात कुठंही फट उरली नव्हती. वाहेदनं हातोडीनं धावेवर हलकेच टोला दिला. देवळातली घंटा वाजावी तसं सगळं चाक एका सुरात वाजलं, आणि तो सूर बराच वेळ राहिला.

वच्छलानं डोईवरचा पदर सावरला आणि हात जोडले. कोणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

कापसाची वेचणी आटोपल्यावर त्यांनी दोन्ही चाकांना धाव चढवलेली गाडी जुंपली. मागं अकोल्याच्या बाजारासाठी अर्धी गाडी कापूस, आणि त्यावर आशासाठी नव्या कापसाची गादी. वलगावची धूळवाट संपेपर्यंत सगळं गोड होतं. अमरावती मागं पडली, चाकं खडीच्या सडकेला लागली, आणि लोखंड दगडावर असं कडाडलं की लखा आणि काजळ्या दोन्ही बैलांनी कान टवकारून धूम ठोकली. नत्थुजी कासरा ओढून ओढून थकला. बैलांना वाटत होतं मागून काहीतरी अंगावर येतंय, आणि जितकं ते पळत तितकं ते जोरात येई. शेवटी दमून उभे राहिले तेव्हा नत्थुजीचे दात अजून वाजत होते.

"गादीवर बसू काय थोडा?" त्यानं विचारलं.

"गादी आशेची हाय," वच्छला म्हणाली. दोन कोस गेल्यावर तिनं स्वतःच ती त्याच्याखाली सरकवली.

त्याला गाडी हाकायचं पुन्हा शिकावं लागलं. जुनं चाक उतारावर आपोआप घासून थांबायचं. हे थांबतच नव्हतं. मूर्तिजापूरजवळ उमा नदीच्या उतारावर गाडीनं बैलांना मागून ढकललं, जू त्यांच्या शिंगांशी चढलं आणि काजळ्या गुडघ्यांवर आला. वच्छला मागून उडी टाकून गाडीला लोंबकळली. नत्थुजीनं दोर चाकाच्या आऱ्यांतून ओवून साटीला, गाडीच्या तळच्या चौकटीला, आवळला. अडकलेलं चाक खडीवरून किंचाळत घसरलं आणि पाण्याच्या काठाशी गाडी थांबली. काजळ्याचे गुडघे तिनं ओल्या फडक्यानं पुसले. लागलं फार नव्हतं. त्यानंतर प्रत्येक उताराआधी नत्थुजी खाली उतरून दोर बांधू लागला, आणि बैलही दोर दिसला की पाय रोवून उभे राहायला शिकले.

बोरगावच्या अलीकडं तिसरा दिवस मावळत होता. नत्थुजीच्या ध्यानात आलं की बराच वेळ आपण आवाज ऐकलाच नाही. आवाज होता, पण तो बैलांच्या घुंगरांसारखा गाडीचाच झाला होता. बैल एका चालीनं चालले होते. कापसाची गाडी इतकी हलकी ओढलेली त्यानं जन्मात पाहिली नव्हती. तेवढ्यात वच्छला हळूच म्हणाली, "ऐकता काय, खाली पाहा."

चाकाखालून ठिणग्या उडत होत्या. गारगोटीवर धाव घासली की निळसर ठिणगी, विझली की दुसरी. जमिनीतूनच कोणी बी उधळावं तशा. नत्थुजीनं गाडी थांबवली नाही. दोघं वाकून पाहत राहिले, आणि गाडी चालत राहिली.

अकोल्यात आशाच्या दारी गाडी उभी राहिली तेव्हा आशानं आधी बहिणीला ओळखलंच नाही. मग ओट्यावरून धावत येऊन तिनं तिला मिठी मारली.

"बाई, तू कशी आलीस व? कोनासंगं आलीस?"

"गाडीनं," वच्छला म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. लेकरं लाजून दाराआड उभी होती. वच्छलानं एकेकाची हनुवटी धरून नाव विचारलं.

दुसऱ्या दिवशी आशाचा नवरा शेषराव त्यांना गावाबाहेर घेऊन गेला. "भाऊजी, तुमची धाव पायली," तो म्हणाला. "आता एक गोष्ट पाहा."

मातीचा लांब सरळ बांध घातलेला होता. बांधावर आडव्या लाकडांवर लोखंडाच्या दोन पट्ट्या, शेजारी शेजारी, दूर उन्हात एक होईपर्यंत गेलेल्या. नत्थुजी पाहतच राहिला.

"हे कोनाच्या चाकाचं लोखंड?"

"चाकाचं नाई. जमिनीचं. आगगाडी याच्यावरून चालन म्हनतात."

"कोठपरेंत गेलं हे?"

"मुंबईपरेंत."

एका चाकाच्या लोखंडासाठी वाहेदला दुपारभर आग पेटती ठेवावी लागली होती. नत्थुजीनं तो हिशेब मनात धरायचा प्रयत्न केला, पण धरता येईना. तो उकिडवा बसला आणि त्यानं तळहात पट्टीवर ठेवला. लोखंड उन्हानं कोमट झालं होतं. मग ते त्याच्या हाताखाली थरथरलं. दूर, जिथं माणसं मुंग्यांएवढी दिसत होती, तिथं कोणी घण घालत होतं. आवाज नंतर आला, थरथर आधी.

"वच्छला," तो म्हणाला, "इकडं ये. हात ठेव."

वच्छला बसली. तिच्या शेजारी आशा बसली. दोघी बहिणींनी लोखंडावर हात ठेवले आणि पुढच्या घणाची वाट पाहत राहिल्या.